बर्फाचं राहू द्या, ग्राउंडाचं बोला

हिवरखेडच्या बैठकीत मी आंचल ठाकूरची गोष्ट काढली तेव्हा बाया हसायलाच लागल्या. बाहेर मे महिन्याचं अकोल्याकडचं ऊन, आणि ही बाई बर्फाचं काय सांगते! मनालीजवळची ही मुलगी २०१२ साली, पंधराव्या वर्षी, ऑस्ट्रियात इन्सब्रुकला पहिल्या हिवाळी युवा ऑलिम्पिकमध्ये स्कीवरून उतरली. पुढे २०१८ मध्ये तुर्कस्तानात स्लालमच्या शर्यतीत, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून वळत वळत उतरायचं, तिनं कांस्यपदक मिळवलं. स्कीइंगमधलं भारताचं ते पहिलंच आंतरराष्ट्रीय पदक.

एक मावशी म्हणाल्या, "बर्फाचं राहू द्या बाई, आमच्या पोरीले आधी ग्राउंडावर त जाऊ द्या!"

मैत्रिणींनो, मुद्दा तोच आहे. आंचलचे वडील हिवाळी खेळांच्या संघटनेत पदाधिकारी, भाऊही ऑलिम्पिकला गेलेला. यानं तिची मेहनत कमी होत नाही. पण घरात वाट आधीच मळलेली नसती तर? तिच्या आधी, १९८८ साली कॅलगरीला शैलजा कुमार उतरली होती, हिवाळी ऑलिम्पिकमधली पहिली भारतीय स्त्री. २८ वी आली. आपल्यापैकी कितीजणींनी तिचं नाव ऐकलंय?

आणि बर्फाच्या देशांत सगळं आलबेल आहे असंही समजू नका. स्कीवरून लांब उडी घेण्याचा खेळ पुरुषांसाठी १९२४ पासून ऑलिम्पिकमध्ये. बायकांना २०१४ पर्यंत दार बंद. २००५ मध्ये जागतिक स्की संघटनेचे अध्यक्ष म्हणाले होते, वैद्यकीयदृष्ट्या हे स्त्रियांसाठी योग्य दिसत नाही. खेळाडू मुली कॅनडात कोर्टात गेल्या. हा भेदभाव आहे, असं कोर्टानं २००९ साली मान्य केलं, पण आमच्या हातात काही नाही म्हणून हात वर केले. गंमत अशी की, २०१२ च्या युवा ऑलिम्पिकमध्ये मुली उड्या मारतच होत्या. पोरींचं शरीर चालतं, बायकांचं नाही?

हे "वैद्यकीय कारण" आपल्या ओळखीचं आहे. आमच्या गटातल्या एकीची मुलगी आठवीत होती, शर्यतीत सगळ्यांच्या पुढे. पाळी आली आणि पळणं थांबलं. आजी म्हणाली, अंगाला त्रास होतो. वडील म्हणाले, लोक पाहतात. डॉक्टरला कुणीच विचारलं नाही. ज्या वयात दुसरीकडे मुली आंतरराष्ट्रीय शर्यतीला उतरतात, त्याच वयात आपण तिचे बूट भावाला दिले.

मला स्वतःला पदकांचं फार कौतुक नाही. संध्याकाळी तास-दीड तास मैदान मुलींचं असावं, तिथं दिवा असावा, पाणी आणि संडास असावा, आणि आयांपैकी दोघींनी पाळीपाळीनं तिथं बसावं, एवढंच आम्ही मागायचं ठरवलं. अर्जावर सतरा सह्या झाल्या आहेत. त्या मावशींनी अंगठा लावला, आणि शाळा उघडली की अर्ज द्यायला त्याच पुढे चालणार आहेत.