शंभर किलोमीटर लांबचे किरण

"सुटलीस बाई एकदाची!"

ऑपरेशन होऊन वहिनी बोईसरला घरी आली, त्या दिवशी हे वाक्य मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकलं. किमो झाली, ऑपरेशन झालं, स्तनातली गाठ गेली. आता फक्त पेढे वाटायचे बाकी होते! आमच्या धंद्यात रिलीज झाला की मॅनेजर असाच टीमला पार्टी देतो. खरी मारामारी त्यानंतरच्या सोमवारी सुरू होते, हे त्याला कुणी सांगत नाही.

वहिनीच्या डॉक्टरांनी पुढे रेडिएशन सांगितलं. १५ सिटिंग्ज, सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे. मशीन मुंबईत, वहिनी बोईसरला.

जरा हिशोब करू. (सवय जात नाही.) बोईसर ते दादर नव्वदेक किलोमीटर, म्हणजे रोजचे जाऊन-येऊन १८०च्या पुढे. गुणिले १५. पावणेतीन हजार किलोमीटर झाले, इथून दिल्लीला जाऊन परत आलो तरी उरतील इतके. आणि टेबलावर झोपवून, खुणा जुळवून, किरण देऊन बाहेर यायला किती वेळ? पंधरा-वीस मिनिटं. त्यातले प्रत्यक्ष किरण दोन-चार मिनिटांचे.

दुसऱ्या आठवड्यात वहिनी मला म्हणाली, "भावजी, किमोच बरी होती हो. तीन आठवड्यांनी एकदाच जायचं."

किमो बरी होती! केस गेले, उलट्या झाल्या, तोंडात फोड आले, ती किमो बरी होती. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

लोकलमध्ये काय होतं ते सांगतो. काखेतल्या गाठी काढलेल्या असल्या की खांदा आखडतो, हात पूर्ण वर जात नाही. मग वरची कडी धरायची कशी? किरणांनी काखेतली कातडी लाल होते, जळजळते. घाम नको, घासणं नको, सैल सुती कपडे घाला, असं डॉक्टर सांगतात. विरारला चढणाऱ्या गर्दीला हे कोण सांगणार? कॅन्सरच्या पेशंटला अपंगांच्या डब्यात बसता येतं, लांबच्या गाड्यांना तिकिटात सवलतही आहे. चांगलंच आहे. पण सवलत तिकिटाला मिळते, थकव्याला नाही. एके दिवशी तर हॉस्पिटलात पोचल्यावर कळलं, मशीन बंद आहे, उद्या या. एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं?

"मुंबईत राहायचं ना मग," असं सांगणारेही भेटले. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, बाहेरगावच्या कॅन्सर पेशंटना तिचा मोठा आधार आहे. पण आम्हीच मनात म्हटलं, आपण कुठे बाहेरगावचे? २०१३ साली चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत आली आणि आपण 'जवळचे' झालो. या जवळच्या असण्यानेच आमचा घात केला. वर घरी शाळेतली दोन मुलं आणि दादाची एमआयडीसीतली शिफ्ट.

आता मुद्द्यावर येतो. वहिनीच्या घरापासून काही किलोमीटरवर तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. १९६९ पासूनचं, देशातलं पहिलं. ते अणुऊर्जा विभागाखाली येतं. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल कुणाखाली येतं? १९६२ पासून त्याच अणुऊर्जा विभागाखाली! भाभाट्रॉन हे किरणोपचाराचं देशी कोबाल्ट मशीन कुणी विकसित केलं? त्याच विभागाच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने. किरणांचा डोस मोजणारे मेडिकल फिजिसिस्ट कुठे शिकतात? त्यातले कितीतरी त्याच केंद्रात. याच विभागाने संगरूरला, वाराणसीला कॅन्सर हॉस्पिटलं चालवायला घेतली. जरूर चालवावीत, तिथल्या बायकाही आमच्याच. पण तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांनी गाव सोडलं. हॉस्पिटल त्यांचं, तंत्र त्यांचं, माणसं त्यांची आणि जमीन आमची. मग या पट्ट्यातल्या बाईने किरण घ्यायला परळच का गाठायचं?

गैरसमज नको. तारापूरमुळे वहिनीला कॅन्सर झाला असं मी म्हणत नाही, तसा कसलाही पुरावा माझ्याकडे नाही. मी फक्त शेजारधर्म मागतोय.

"पण आता जिल्ह्या-जिल्ह्यात सेंटर येणार आहेत ना?" येणार आहेत. २०२५च्या केंद्रीय बजेटमध्ये तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर सेंटर काढायची घोषणा झाली. पण डे-केअर म्हणजे मुख्यतः किमो. रेडिएशनला जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली लागते, मशीन लागतं, ते चालवणारे लागतात. महाग आहे, मान्य. पण अणुभट्टी काय स्वस्तात आली होती?

मशीन येईल तेव्हा येईल. तोवर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: "माझ्या केसमध्ये सिटिंग्ज कमी होतील का?" पूर्वी सर्रास २५ देत. मग ब्रिटनमधल्या चाचण्यांनी १५ पुरतात हे दाखवलं, आणि २०२० साली तिथल्याच 'फास्ट-फॉरवर्ड' चाचणीने आठवड्याभरातल्या ५ सिटिंग्जचे पाच वर्षांचे चांगले निकाल दिले. सगळ्यांना ते लागू पडत नाही, ठरवणार डॉक्टरच. पण ज्यांना चालेल, त्यांच्यासाठी १५ फेऱ्या आणि ५ फेऱ्या यातला फरक केवढा मोठा आहे! आणि परस्पर सिटिंग चुकवू नका, हे मात्र कळकळीचं सांगणं.

अजून एक. बाहेरच्या मशीनने किरण घेतलेली बाई किरणोत्सर्गी होत नाही. तिने लेकरांना खुशाल जवळ घ्यावं. अणुकेंद्राच्या शेजारी राहणाऱ्या गावात हे सांगावं लागलं, याला काय म्हणावं?

वहिनीची सिटिंग्ज संपली. आता रोज टॅमॉक्सिफेनची गोळी, निदान पाच वर्षं. म्हणजे अजूनही 'सुटलेली' नाहीच. तेव्हा मंडळी, एवढं करा. मतं मागायला कुणी दारात आलं की विचारा, रेडिएशन मशीन कधी? आणि ओळखीतली कुणी ऑपरेशन होऊन घरी आली, तर "सुटलीस" म्हणू नका. "उद्याची गाडी कितीची? मी येते सोबत," असं म्हणा.