लग्नघरातली भुते



तुळशीचे लग्न लागले की आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे दोन हंगाम एकदम सुरू होतात, संत्र्याचा आणि लग्नांचा. मंगल भवनाची तारीख, आचाऱ्याचा बयाणा, नागपूरला इतवारीतल्या सराफाकडे फेऱ्या, पत्रिकेवर कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली, अशी घाई चालू असते. त्याच घरात तरुण मंडळी मोबाइलवर भुताचा नाहीतर खुनाचा सिनेमा पाहत बसलेली असतात. मोठी माणसे म्हणतात, शुभकार्याच्या घरात हे काय अभद्र लावले आहे! माझेही मत काही वेगळे नव्हते. परंतु निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसे यातले बरेच सिनेमे मी घरच्या मुलांबरोबर बसून पाहिले. त्यातून एक गोष्ट लक्षात आली, ती आपल्यापुढे मांडतो. या नव्या सिनेमांतली बहुतेक भुते लग्नाच्या गोष्टीतूनच निघालेली आहेत. लग्नाची तयारी करणाऱ्याने ती एकदा नीट पाहून घ्यावीत, असे माझे मत झाले आहे.

हवेलीतले भूत घरात आले

आपल्या पिढीचे भूत दूर राहत असे. १९४९ च्या ‘महल’मध्ये ते मोठ्या ओसाड वाड्यात होते. पुढे ते जुन्या हवेल्यांत आणि डाकबंगल्यांत वावरले. मराठीत १९९३ साली महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला’ काढला तेव्हा ते बाहुल्यात शिरले आणि आपण पोट धरून हसलो. सिनेमा संपला की भूत टॉकीजमध्येच राहायचे.

आता ते गावात आणि घरात आले आहे. २०१८ चा ‘स्त्री’ आपल्याच मध्य प्रदेशातल्या चंदेरीत घडतो. त्याचा दुसरा भाग १५ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि त्या वर्षीच्या सर्वांत जास्त कमाई करणाऱ्या सिनेमांत जाऊन बसला. त्याआधी ७ जून २०२४ रोजी आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ आला. त्यात कोणी मोठा नट नव्हता, विषय कोकणातल्या लोककथेचा, तरीही देशातली कमाई शंभर कोटींच्या पुढे गेली. २०१८ चा ‘तुंबाड’ पहिल्या वेळी बेताचाच चालला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर भांडवल कमी आणि परतावा चांगला, म्हणून निर्माते इकडे वळले. पण प्रेक्षक का वळला? मला वाटते, या गोष्टींत त्याला ओळखीची माणसे दिसली. सोयरीक जुळवणारे आईवडील, मुलगी पाहायला आलेले पाहुणे, नातू हवा म्हणून अडून बसलेली सासू, आणि ‘लोक काय म्हणतील’ हे पालुपद.

भुतांची कुंडली

यातल्या काही गोष्टी लग्नाच्या अंगाने पाहू.

‘मुंज्या’मधले भूत म्हणजे मुंज झाल्यानंतर लगेच मेलेला एक मुलगा. त्याला आपल्यापेक्षा मोठ्या मुलीशी लग्न करायचे होते. तिचे लग्न दुसरीकडे ठरले, ते त्याला सहन झाले नाही, आणि मेल्यावरही तो तीच मागणी करत राहिला. थोडक्यात, ‘नाही’ हे उत्तर ज्याला ऐकता येत नाही असा तो नवरदेव आहे. अशा नवरदेवाला भूत होण्यासाठी मरावे लागत नाही, हे ज्यांच्या घरात मुली आहेत त्यांना सांगायला नको.

‘लपाछपी’ हा विशाल फुरिया यांचा २०१७ चा मराठी सिनेमा. उसाच्या रानातल्या एकाकी घरात गरोदर बायको आणून ठेवलेली आहे. तिथल्या भुतांच्या मुळाशी आहे मुलगी नको असण्याचा जुना गुन्हा. त्यांनीच २०२१ मध्ये तो ‘छोरी’ या नावाने हिंदीत केला.

‘वाळवी’ हा परेश मोकाशी यांचा २०२३ चा सिनेमा. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यात भूत नाही. नवऱ्याचे दुसरीकडे प्रेम आहे, आणि बायकोचा मृत्यू आत्महत्येसारखा दिसावा असा बेत तो रचतो. वरून घर छान दिसते, आतून पोखरलेले असते. नावातच सगळे आले.

आणि ‘स्त्री’. गावातले पुरुष तिला भितात, रात्री घराबाहेर पडत नाहीत, भिंतींवर तिच्यासाठी विनंत्या लिहून ठेवतात. तिची मूळ कथा अशी की, तिला एका पुरुषाशी लग्न करायचे होते, गावाने ते होऊ दिले नाही आणि दोघांनाही मारले. म्हणजे सगळे गाव ज्या भुताला भिते, ते गावानेच तयार केलेले आहे.

आपल्या जाम नदीची गोष्ट

ही कथा ऐकून आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर दगड. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत.

या प्रथेमागची लोककथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता. मुलीकडच्यांनी दगड मारले, मुलाकडच्यांनी उलट मारले, आणि दोघे मधल्या पाण्यातच राहिले. कथेत इतिहास किती आणि दंतकथा किती हा वाद बाजूला ठेवू. चंदेरीच्या सिनेमातली गोष्ट आणि आपल्या नदीची गोष्ट मुळात एकच आहे. दोघांनी ठरवलेले लग्न, आणि ते न मानणारी गावे. फरक इतकाच की सिनेमा अडीच तासांत संपतो, आणि आपण दरवर्षी नवे दगड गोळा करतो. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा नवा झाला, पण ही गोष्ट जुनीच राहिली.

दुसरे ठिकाण आपल्या तालुक्यातले जामसावळी. तिथल्या निद्रिस्त हनुमानावर आपल्या सगळ्यांची श्रद्धा आहे. बाहेरची बाधा झाली म्हणून दुरून माणसे आणली जातात, त्यात तरुण मुली आणि नवविवाहिता पुष्कळ दिसतात. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण सासरी गेल्यावर सहा महिन्यांत मुलीची झोप उडाली, ती बोलेनाशी झाली, तर दर्शन घ्यावे आणि डॉक्टरकडेही न्यावे. मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मारुतीराया डॉक्टरकडे जाऊ नका असे कोणालाही सांगत नाही. तसे सांगणारी माणसेच असतात.

या सिनेमांचा एक दोष

सगळे गुणगानच करावे असे नाही. मार्च २०२४ मध्ये ‘शैतान’ हा हिंदी सिनेमा आला. तो ‘वश’ या गुजराती सिनेमावरून केलेला होता. एक अनोळखी माणूस मुलीला काहीतरी खायला घालतो आणि ती त्याच्या वशात जाते, बाप हतबल होतो. सिनेमा म्हणून पकड घेतो. पण तो पाहून उठल्यावर चौकातली चर्चा ऐका. मुलीने स्वतःहून कोणाला पसंत केले की ‘तिच्यावर कोणीतरी केले आहे’ असे म्हणायला लोकांना आयते उदाहरण मिळते. मुलीलाही स्वतःची बुद्धी आहे हे मान्य करण्यापेक्षा लाडवात काही होते असे मानणे बापाला सोपे जाते. यातून मग गंडेदोरे, उतारे आणि मुलीला कोंडून ठेवणे सुरू होते. २०२५ चा ‘जारण’ हा हृषीकेश गुप्ते यांचा मराठी सिनेमाही करणीचाच आहे, पण तो बाधेइतकाच माणसाच्या मनाचाही विचार करायला लावतो. आपण आपल्या मुलांबरोबर बसून पाहावे आणि नंतर बोलावे, असे हे विषय आहेत. एकट्याने मोबाइलवर पाहिले की नुसती भीती उरते.

खरे भ्यायचे कशाला?

आता लग्नाच्या नियोजनाकडे येतो. आपण मंगळाला भितो, मुहूर्त टळण्याला भितो, मानपान कमी पडण्याला भितो. ज्यांना भ्यायला हवे अशा चार गोष्टी मात्र यादीतच नसतात.

पहिली, न विचारलेली संमती. कुंकू लावण्याच्या कार्यक्रमाआधी मुलाला आणि मुलीला वेगवेगळे बसवून विचारावे. पाहुण्यांसमोर विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसतो. साक्षगंध झाल्यावर ‘आता पत्रिका छापल्या’ हे कारण होऊ शकत नाही. छापलेल्या पत्रिका रद्दीत गेल्या तर काही हजारांचे नुकसान होते. पुढचे नुकसान रुपयांत मोजता येत नाही.

दुसरी, लपवलेले आजार. आपण ३६ गुण जुळवतो, रक्त जुळवत नाही. विदर्भ आणि मध्य प्रदेशाच्या या पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. म्हणूनच १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान आपल्याच राज्यातल्या शहडोलमधून सुरू झाले. मुलगा आणि मुलगी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच जण वाहक असेल तर बाळाला हा आजार होत नाही. वाहक माणूस धडधाकट दिसतो, त्यामुळे तपासणीशिवाय कळत नाही. साध्या रक्ततपासणीचे काम आहे. मानसिक आजार, फिट्स, नोकरी, आधीचे लग्न यांचेही तसेच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार महत्त्वाची बाब लपवून, फसवून मिळवलेल्या संमतीचे लग्न न्यायालयात रद्द ठरवून घेता येते. पण तिथवर जायची वेळच का आणावी?

तिसरी, कर्ज. हा माझा विषय. एप्रिल २०२५ मध्ये सोन्याने तोळ्याला एक लाखाचा टप्पा गाठला. त्या वेळच्या दराने पाच तोळे म्हणजे पाच लाख झाले, घडणावळ आणि जीएसटी वेगळा. हे पाच लाख १२ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण ११,१२० रुपये येतो आणि एकूण परतफेड ६ लाख ६७ हजारांच्या घरात जाते. वरात एका रात्रीत निघून जाते, हप्ता साठ महिने दारात उभा राहतो. नोकरीत असताना मी पाहिले आहे, अर्जात कारण घरदुरुस्तीचे असायचे आणि पैसा लॉन, डीजे आणि आहेरात जायचा. फेडायची वेळ संत्र्याच्या बहारावर असायची, आणि बहार कोणाच्या शब्दात नसतो. ‘तुंबाड’मधला राक्षस हावेचा आहे. त्याची एक शाखा आपल्या मानपानाच्या यादीतही आहे.

यासाठी एक उपाय कायद्यातच आहे, पण तो फार कमी लोकांना माहीत आहे. हुंडा घेणे-देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहेच. पण स्वखुशीने दिलेल्या भेटींची लेखी यादी ठेवावी, असा १९८५ चा नियम आहे. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहायचे आणि सही घ्यायची. वधूला मिळालेल्यांची यादी वधूने ठेवायची, वराला मिळालेल्यांची वराने. रुखवत मांडताना हे काम अर्ध्या तासात होते. हिशेब स्वच्छ असला की नाते टिकते, हा बँकेचा अनुभव घरातही खरा ठरतो.

चौथी, मोबाइलवरची पत्रिका. व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून लग्नाची पत्रिका येते. उघडायला गेले की ती एपीके फाइल निघते, म्हणजे ते चित्र नसून फोनमध्ये शिरणारे ॲप असते. मग बँकेचे ओटीपी परस्पर वाचले जातात आणि खाते रिकामे होते. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, ती उघडायला काहीही ‘इन्स्टॉल’ करावे लागत नाही. चुकून झालेच तर इंटरनेट ताबडतोब बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिला तास सर्वांत मोलाचा. लग्नसराईत घरातल्या प्रत्येक आजी-आजोबांना हे सांगून ठेवा.

मंडळाने काय करावे

माझ्या तीन सूचना आहेत. मंडळाच्या वधू-वर परिचयाच्या फॉर्मवर रास, नाडी, गोत्र यांच्याबरोबर ‘सिकलसेल तपासणी झाली का’ हा रकाना घालावा. परिचय मेळाव्यात मुलामुलींना पालकांशिवाय बोलण्यासाठी अर्धा तास ठेवावा. आणि ज्या घरी लग्न ठरेल त्यांना खर्चाचा एक पानी तक्ता आणि भेटींच्या यादीचा नमुना मंडळाने द्यावा. तो तयार करून देण्याची आणि कोणाचा हिशेब बसवून देण्याची माझी तयारी आहे.

मुले भुताचा सिनेमा पाहत असतील तर त्यांना रागावू नका, शेजारी बसा. संपल्यावर एवढेच विचारा, हे भूत झाले कशामुळे? ते जे उत्तर देतील, ते आपल्या घरच्या लग्नाची बोलणी करताना लक्षात ठेवा.