नाव थांबवा, गळ फेका

उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांपैकी सर्वांत उथळ जे ईरी सरोवर, त्याच्या ओहायोकडील किनाऱ्यावर वॉलआय नावाच्या माशामागे लागणाऱ्यांत असा एक शिरस्ता पडून गेला आहे की, मोटारीच्या नावेमागे चार-सहा दोर सोडावेत, ते दोन्ही अंगांना दूरवर फाकवण्यासाठी तरत्या फळ्या लावाव्यात, किती दोर सुटला ते रिळावरच्या आकड्यांत पाहावे, ताशी दोन मैलांच्या आगेमागे वेग राखावा, आणि एखादी फळी मागे ओढली जाईपर्यंत कॉफी पीत बसावे. ट्रोलिंगच्या या पद्धतीला माझा सरसकट विरोध नाही. परंतु वॉलआय धरण्याची हीच काय ती शास्त्रशुद्ध रीत, आणि हातातल्या दांडीने क्रँकबेट हे कृत्रिम आमिष फेकून ते गुंडाळत आणणे हा बास माशाच्या शौकिनांचा पोरखेळ, ही जी समजूत तेथे रूढ झाली आहे, ती मला निराधार वाटते.

ट्रोलिंगचा स्वतःचा इलाखा आहे आणि तेथे त्याचा अंमल मान्य केलाच पाहिजे. माउमी नदीत व पश्चिमेकडील खडकांवर वसंतातली वीण आटोपल्यावर वॉलआयच्या झुंडी उन्हाळ्यात पूर्वेकडे सरकतात, खोल पाण्याच्या मध्यस्तरात विखरतात, आणि तेव्हा मैलोगणती पाणी चाळण्यावाचून गत्यंतर नसते. पण पश्चिम खोऱ्याची सरासरी खोली साडेसात मीटरांच्या घरात, आणि तेथले खडकाळ उंचवटे तर त्याहूनही वर आलेले; अशा अरुंद जागी फळ्यांचा लवाजमा घेऊन वळणे म्हणजे दोर एकमेकांत गुरफटवून घेणे, आणि फळ्या न लावता नाव थेट माशांच्या डोक्यावरून नेली, तर मागून आमिष पोहोचण्यापूर्वीच ते बिचकून पांगलेले असतात. याच पाण्यात एका पिढीपूर्वी इंजिन बंद करून, वाऱ्यावर नाव वाहू देऊन, ‘ईरी डिअरी’ नावाचे वजनदार, फिरत्या पात्याचे आमिष फेकीत राहणे हीच प्रतिष्ठित रीत होती, याचे स्मरण ट्रोलिंगला सनातन धर्म मानणाऱ्यांना राहिलेले दिसत नाही.

मिनेसोटाने १९६५ साली राज्यमत्स्य ठरवलेल्या या माशाच्या नेत्रपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा एक स्तर असतो, त्यामुळे संधिप्रकाशात, रात्री, किंवा वाऱ्याने ढवळलेल्या पाण्यात त्याला भक्ष्याहून अधिक दिसते, आणि नेमक्या त्याच वेळी तो उथळ खडकांवर चरावयास येतो. तेथे फेकलेले क्रँकबेट, म्हणजे लाकडाचा किंवा पोकळ प्लॅस्टिकचा तो कृत्रिम मासा, गुंडाळू लागताच तोंडापुढच्या तिरप्या पट्टीवर पाण्याचा दाब येऊन खाली सूर मारतो. पट्टी दगडावर आपटली की एका अंगाला उसळतो. हात थांबला की हळूहळू वर तरंगू लागतो. पाठलाग करीत आलेला, पण तोंड घालावे की नाही अशा संभ्रमात पडलेला वॉलआय पुष्कळदा या थांबण्याच्या क्षणीच झडप घालतो. हा थांबा केव्हा द्यावा, थंड पाण्यात तो किती लांबवावा, बारीक दोराने आमिष किती अधिक खोल उतरेल, हे मनगटाला कळत जाते. एका वेगाने चालणाऱ्या मोटारीला थांबणे ठाऊकच नाही.

प्रतिपक्षी येथे लाउरी रापाला यांचे नाव पुढे करतील, आणि ते रास्तही आहे. फिनलंडच्या या गरीब मच्छीमाराने १९३६ साली बुचाच्या लाकडातून कोरलेला, चॉकलेटच्या चांदीने मढवलेला आणि वितळवलेल्या छायाचित्र-फितींचा लेप दिलेला मासा पाइयान्ने सरोवरात नावेमागेच ओढला जाई. पुढे १९६२ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या ज्या अंकावर मेरिलिन मन्रो झळकली, त्याच अंकातील लेखाने अमेरिकेत त्याच्या मागणीला पूर आणला. परंतु रापाला यांची नाव वल्ह्यांची होती. वल्हे मारताच आमिष पुढे झेपावणार, वल्ह्याच्या दोन फटक्यांमधल्या अवकाशात मंदावणार; म्हणजे आज जो गुण आपण फेकीचा म्हणतो, तो त्या ओढण्यातच अंतर्भूत होता.

या वादाला सार्वजनिक हिशेबाचीही एक बाजू आहे. मिनेसोटातील मिल लॅक्स सरोवरात ओजिब्वे जमातींचे १८३७ च्या तहातील मासेमारीचे हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली उचलून धरले; तेथे वॉलआयचा वार्षिक वाटा राज्य व जमाती यांत ठरवून दिला जातो, आणि राज्याच्या वाट्यातून घरी नेलेले मासेच नव्हे, तर सोडून दिल्यावर मरणारेही अंदाजाने वजा होतात. नऊ-दहा मीटरांहून खोलातून वर आणलेल्या माशाचा वायुकोश फुगतो आणि कोमट पाण्यात तो जगण्याची शक्यता घटते. फळीमागे अडकलेला लहानगा वॉलआय तर कोणाच्या ध्यानीही न येता बराच वेळ ओढला जातो. उथळ पाण्यात फेकून धरलेला मासा हाताला तत्काळ कळतो आणि तत्काळ सोडताही येतो.

आणि ज्याच्यापाशी नावच नाही, त्याचे काय? नोव्हेंबरात गिझर्ड शॅड या चंदेरी माशांच्या झुंडी ईरीच्या बंदरांलगत येतात, त्यांच्या मागोमाग वॉलआय येतो, आणि ह्युरॉन, लोरेन, क्लीव्हलंड येथील धक्क्यांवर माणसे रात्री क्रँकबेट फेकीत उभी राहतात. मासे शोधणारे सोनार यंत्र, ट्रेलर, इंधन हा सरंजाम ज्याच्या ऐपतीबाहेरचा आहे, त्याला तेथे एक दांडी, दोन-चार आमिषे व राज्याचा परवाना एवढ्यावर तोच मासा मिळू शकतो. बोटे बधिरतात, कित्येकदा रिकाम्या हाताने परतावे लागते, आणि त्याच सरोवरातून ट्रोलिंगवाला पेटी भरून गेलेला असतो, हे मी नाकारीत नाही. तथापि वसंताच्या अखेरीस गिऱ्हाइकांना खडकांवर नेणाऱ्या भाड्याच्या नावांच्या चालकांनी निदान पहाटेचा पहिला तास इंजिन बंद ठेवून प्रत्येकाच्या हाती दांडी द्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे; गिऱ्हाईक कंटाळलेच, तर फळ्या नावेत आहेतच.