ताल जुळल्यानंतर

पालघर-बोईसरकडे हळदीच्या मांडवात आता डीजे सर्रास वाजतो. 'बटण दाबण्यात कसली आली कला?' हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप मला अपुरा वाटतो. पूर्वी डीजे एका कानाला हेडफोन लावून, तबकडीचा वेग बोटाने कमीअधिक करीत दोन गाण्यांचे ठोके जुळवीत असे. आता संगणकच मिनिटातले ठोके मोजतो आणि 'सिंक' दाबताच ते जुळवून देतो. पण मात्रा बरोबर आल्या म्हणून कविता होत नाही. ठोके जुळले म्हणून संगीतही होत नाही.

खरा प्रश्न मोकळ्या झालेल्या अवधानाचा आहे. वारली नाचात तारपावादक भोपळा, बांबू आणि ताडपत्राच्या त्या वाद्यात अखंड श्वास फुंकीत असतो. तरीही वर्तुळाच्या मध्ये राहून, सूर बदलून तो नाचणाऱ्यांना वळण देतो. दम लागतो, पण नजर माणसांवरून ढळत नाही. डीजेचे तर हातही यंत्राने सोडवले आहेत. त्याने पडद्यावरून नजर उचलून पुढचे गाणे समोरच्या पावलांवरून निवडले, तरच ही सुटका सार्थकी लागेल. एरवी वाचले ते केवळ श्रम; सर्जन नव्हे.