अंबिकेच्या काठाने

सुटी जवळ आली की आपल्या घराघरांतून बेत सुरू होतात. थोरली माणसे महाबळेश्वराचे नाव काढतात, तरुण मंडळी मनालीचे. आणि ज्यांचे चिरंजीव परदेशी आहेत त्यांचे सामान तर बांधलेलेच असते. यात गैर काही नाही. परंतु जो मुलूख आपल्या वाडवडिलांच्या दप्तरांत ‘नवसारी प्रांत’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लिहिला गेला, त्याच्या किनाऱ्यावर आणि त्याच्या पलीकडच्या डोंगरांत चार दिवस जाऊन राहिलेली घरे आज बडोद्यात किती सापडतील? मी ओळखीच्या मंडळींत विचारून पाहिले. हाताची बोटेही पुरी भरली नाहीत.

गेल्या हिवाळ्यात संगीताच्या परीक्षा घेण्यासाठी सुरतेस जाणे झाले. काम आटोपल्यावर पाच दिवस मोकळे होते. सुरत म्हटले की आपल्याला 1664 आणि 1670 ही दोन साले आठवतात, आणि आपले सुरतेचे ज्ञान बहुधा तेथेच संपते. दुसऱ्या स्वारीनंतर महाराज बागलाणातून परतले, हे आपण शाळेत वाचतो. पण सुरत आणि बागलाण यांच्या मध्ये जे डोंगर पडतात ते पाहावेत असे आपल्या मनात येत नाही. त्याच बाजूला, तापीच्या खोऱ्यात, सोनगडचा किल्ला आहे. पिलाजीराव गायकवाडांचे ठाणे प्रथम तेथे होते; बडोदे मागाहून. ज्या घराण्याच्या मिठावर आपली घरे उभी राहिली त्याचा पाया आपण पाहिलेला नसावा, ही गोष्ट मनाला लागते.

सुरतेहून मी प्रथम किनाऱ्यास गेलो. उभराट, दांडी ही नावे गाजावाजाची नाहीत. कोकणासारखी पांढरी वाळू येथे नाही. वाळू काळसर, ओहोटीला पाणी दूरवर ओसरते आणि मागे चिखलाचा पट्टा राहतो. दांडीस 6 एप्रिल 1930 रोजी गांधीजींनी मूठभर मीठ उचलले. 2019 मध्ये तेथे मिठाच्या सत्याग्रहाचे राष्ट्रीय स्मारक उभे राहिले, त्यामुळे थोडी वर्दळ असते. पण स्मारकापासून थोडे पुढे चालत गेले की वारा आणि भरतीचा आवाज याखेरीज कानावर काही येत नाही. दिवसभर हार्मोनियमच्या भात्यापाशी बसणाऱ्या माणसाला त्या शांततेचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

तेथून बिलीमोरा. अंबिका नदी डांगच्या डोंगरांतून येते आणि या गावाजवळ समुद्राला मिळते. एके काळी गायकवाडी आरमार येथे असे. येथूनच वघईपर्यंत 63 किलोमीटरची नॅरोगेज गाडी जाते. ही गायकवाड सरकारच्या रेल्वेने घातलेली, शंभराहून अधिक वर्षांची. गणदेवीच्या बाजूला चिकूच्या आणि आंब्याच्या वाड्या, पुढे अनावल, मग ऊन पाण्याच्या कुंडांचे उनाई, आणि त्यानंतर साग. तीनेक तासांत समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातून माणूस जंगलाच्या गारव्यात येतो. मोटारीने हेच अंतर लवकर कापता येईल. पण वाड्या केव्हा संपल्या आणि साग केव्हा सुरू झाला हे मोटारीत कळत नाही.

ही गाडी एकदा बंद पडता पडता वाचली आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. 2020 च्या महासाथीत ती थांबली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तोट्यातील मार्ग कायमचे बंद करण्याच्या यादीत तिचे नाव आले. लोकांनी विरोध केला आणि सप्टेंबर 2021 मध्ये ती पुन्हा धावली. बिलीमोऱ्याजवळ केसली येथे आता बुलेट ट्रेनचे स्थानक आहे. त्याला माझा विरोध नाही. परंतु एका गावात अतिवेगाची गाडी आणायची आणि गावकऱ्यांची, बाजारकऱ्यांची, शाळकरी पोरांची हळू चालणारी गाडी तोट्याची म्हणून मोडीत काढायची, हा हिशेब मला पटत नाही.

वघईच्या पुढे एका पाड्यावर सायंकाळी पावरी ऐकली. वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा, त्यात मेणाने बसविलेल्या बांबूच्या नळ्या. वादक म्हातारा होता. नाचणाऱ्यांचा फेर त्याच्या भोवती फिरत होता आणि त्याचा सूर एकदाही तुटत नव्हता. श्वास घेतो केव्हा, हे मी अर्धा तास पाहत होतो. गालांत वारा साठवून तो नळीत सोडीत राहावयाचा आणि त्याच वेळी नाकाने नवा ओढावयाचा, अशी ती विद्या. सनईवाल्यांत हा दम कमावण्यासाठी किती वर्षे घालवावी लागतात हे मी माझ्या वडिलांकडून ऐकले आहे. ते राजवाड्याच्या चाकरीतले गवई. त्यांना श्रोता होता, बिदागी होती, मान होता. या म्हाताऱ्याला कोण शिकवून गेले, म्हणून विचारले, तर त्याने बापाचे नाव सांगितले. इतकेच आमच्या दोघांत समान. पाड्यावरच्या लग्नांत आता डीजे येतो, असे तेथल्याच एका शिक्षकांनी सांगितले.

दरबाराचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्या संस्थानिकांचे तनखे 1971 मध्ये बंद झाले. परंतु डांगच्या पाच राजांना सरकारकडून वार्षिक मानधन अद्याप मिळते. 1842 मध्ये इंग्रजांनी डांगच्या राजांकडून सागाच्या तोडीचे पट्टे घेतले. त्या व्यवहाराचा हा वारसा. दरवर्षी होळीच्या आधी आहव्यास ‘डांग दरबार’ भरतो, राजांचा सत्कार होतो आणि जत्रा काही दिवस चालते. तेथे ख्याल नाही, ठुमरी नाही; पावरी आणि ढोल आहे. राजाश्रयाच्या आठवणींवर जगणाऱ्या आपल्या घरांना या दरबाराची खबर असू नये, याला काय म्हणावे?

डांगची भाषा मराठी की गुजराती, हा वाद 1960 पूर्वी पुष्कळ रंगला. 1 मे 1960 रोजी जिल्हा गुजरातेत गेला. मी त्या वादात शिरत नाही. डांगी बोली ऐकताना मराठी कानाला ओळखीचे शब्द भेटत राहतात आणि मधूनच कान फसतो. ती तिची स्वतंत्र बोली आहे. आपण तिला आपली म्हणण्याची घाई करू नये. पाहुण्याने ऐकावे, हेच बरे.

सापुताऱ्यास हॉटेले झाली, सुटीत मोटारींची रांग लागते. तीच गर्दी वघईच्या पाड्यांत न्यावी असे मला मुळीच वाटत नाही. नाच ‘करून दाखवा’ म्हणून पैसे पुढे करणे तर अगदी अप्रशस्त. माझे म्हणणे दोन साध्या गोष्टींपुरते आहे. येत्या सुटीत ज्यांना चार दिवस सवड आहे त्यांनी वेळापत्रक पाहून बिलीमोऱ्याच्या त्या गाडीचे तिकीट काढावे. गाडी रिकामी धावत नाही, हे यादी करणाऱ्यांना तिकिटांच्या हिशेबातच दिसते. आणि आपल्या संगीत मंडळांनी वर्षाच्या बैठकांत एक बैठक पावरीवाल्यांसाठी राखावी. बडोद्यात 1916 साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने अखिल भारतीय संगीत परिषद भरली, याचा अभिमान आपण अजून मिरवतो. त्या अभिमानाला साजेसे करावयाचे तर डांगच्या वादकाला गाडीभाडे, मुक्काम आणि ख्यालियाइतकीच बिदागी द्यावी, आणि त्याला शोभेसाठी उद्‌घाटनाला न बसविता पूर्ण तासभर वाजवू द्यावे. माझ्या वर्गातील मुलांना मी त्या दिवशी सुटी देणार नाही. त्यांना पुढच्या ओळीत बसवीन.