मीटरचा लाल दिवा काय सांगतो?

दोस्तांनो, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मोठमोठी ऑफिसं लोकांच्या घरात येऊन बसली. पुण्या-मुंबईची कितीतरी ताई-दादा मंडळी लॅपटॉप घेऊन गावी परतली. काहींचं काम अजूनही घरूनच चालतं.

समजा, आजऱ्यातल्या एका घरात अशीच एक ताई आहे. खोलीत टेबल, लॅपटॉप, ट्यूब, पंखा आणि इंटरनेटचा राउटर. झालं ऑफिस! पण लाइट बिल आलं की बाबा विचारणार, "एवढं कसं काय आलं गं?" आणि आजी बोट दाखवणार लॅपटॉपकडे. खरा चोर कोण? चला, हिशेबच मांडू या.

वॅटला तासांनी गुणायचं आणि १००० ने भागायचं, की झाले युनिट. १०० वॅटचा जुना बल्ब दहा तास जळला की एक युनिट संपलं. सोपं आहे ना?

ताई रोज ८ तास, महिन्यात २५ दिवस काम करते. म्हणजे २०० तास. लॅपटॉप साधारण ५० वॅटचा धरला, तर १० युनिट. जुनी ट्यूब चोकसकट ५० वॅट घेते. तिचेही १०. जुना पंखा ७५ वॅटचा, त्याचे १५. आणि राउटर? अवघा १० वॅटचा! पण तो रात्रंदिवस चालू. ३० दिवसांत तो ७ युनिट गट्टम करतो, म्हणजे लॅपटॉपच्या जवळपास पाऊणपट. एकूण झाले ४२.

बाकीच्या घराला ७५ युनिट लागतात असं धरू. बेरीज ११७. खरी मेख इथेच आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो. १०१ व्या युनिटापासून तो चढतो. म्हणजे वरचे १७ युनिट महागात पडले!

आता ट्यूब एलईडीची लावा, २० वॅटची. १० चे ४ युनिट झाले. राउटर काम संपल्यावर बंद करा. ७ चे २ झाले. नव्या बीएलडीसी पंख्याला ३० वॅट पुरतात. १५ चे ६ झाले. लॅपटॉपचे १० तसेच राहू द्या. बेरीज फक्त २२. घराचे ७५ मिळवले की ९७. शंभराच्या आत! आणि लॅपटॉपला कुणी हातसुद्धा लावला नाही, बरं का.

हा पंखा महाग असतो, म्हणून चांगला चालणारा जुना पंखा काढू नका. तो बिघडेल तेव्हा बदला. तोवर ऋतूंची मदत घ्या. आजऱ्यात धो धो पाऊस पडतो, तेव्हा भरदुपारी दिवा लागतो, पण पंखा कुठे लागतो? उन्हाळ्यात पंखा लागतो, पण टेबल खिडकीशी सरकवलं की दिवा लागत नाही. एका वेळी एकच लावायचा!

आणखी एक फायदा. पावसात तारेवर झाड पडलं की वीज जाते आणि ऑफिस इन्व्हर्टरवर येतं. आधी त्यावर १८५ वॅटचा भार होता, आता ११० चा. तीच बॅटरी जास्त वेळ पुरणार.

आता तुमची पाळी. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरवरच '३२०० इम्पल्स' असा काहीसा आकडा छापलेला असतो. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरच्यांना विचारून, फ्रीजसकट सगळी बटणं थोडा वेळ बंद करा. एकच वस्तू चालू ठेवा आणि १० मिनिटं मोजा. १६ वेळा लुकलुकला? तासाला झाले ९६. ९६ ला ३२०० ने भागा : ०.०३ युनिट. म्हणजे ती वस्तू ३० वॅटची! तुमच्या मीटरवर दुसरा आकडा असेल, तर त्याने भागा. फक्त बघायचं आणि मोजायचं. मीटरला किंवा तारांना हात लावायचा नाही.

सगळं बंद केल्यावरही दिवा लुकलुकला तर? कुठेतरी रिमोटवर बंद केलेला टीव्ही नाहीतर सेट-टॉप बॉक्स जागा असणार. अशा 'झोपलेल्या' वस्तूंनी एक वॅटपेक्षा जास्त वीज खाऊ नये, असा आग्रह आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्येच धरला होता. भिंतीवरचं बटण बंद केलं की तो एक वॅटही वाचतो.

महाराष्ट्राची बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडीसारख्या केंद्रांत कोळसा जाळून तयार होते. आजऱ्यात राउटर उगाच जागला, की तिकडे कोळसा उगाच जळतो.

तर मग, या रविवारी वही-पेन्सिल घ्या आणि घरातल्या पाच वस्तूंची यादी करा. आधी अंदाज लिहा, मग मोजा. आजीचा अंदाज बरोबर निघतो की तुमचा, पाहू या!