देश म्हणजे कारखाना नव्हे!

देश एक करण्याचे एक नवे औषध हल्ली बाजारात आले आहे. नाव भारदस्त आहे : ‘परिवर्तन-व्यवस्थापन’. दुभंगलेली कंपनी सांधतात तसा दुभंगलेला देशही सांधावा, असे त्याचे वैद्य सांगतात. वर एक खंबीर पुढारी असावा, त्याने ध्येयवाक्य द्यावे, ते भाषणांतून तळापर्यंत झिरपवावे आणि आडवे येतील त्यांना दूर सारावे; की झाले ऐक्य!

आम्ही पडलो मॅट्रिक झालेले शाळामास्तर. पण दीपनगरात राहून एवढे तरी कळते, की वीजकेंद्रातल्या नाठाळ माणसाची बदली करता येते. समोरच्या ओट्यावर बसून दुसऱ्या पक्षाचा झेंडा मिरवणाऱ्या मेव्हण्याची बदली कोठे करणार? 2022 साली शिवसेना फुटली, 2023 साली राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. फुटले मुंबईत, पण गावोगावच्या भाऊबंदकीला नवे झेंडे मिळाले. घरच्या व्हॉट्सॲप गटातून काका बाहेर पडतात आणि मग लग्नातही दिसत नाहीत. या काकांच्या हाती बडतर्फीचा कागद कोण ठेवणार, आणि तो घेऊन ते जाणार कोठे?

गंमत अशी, की या शास्त्राचा मूळपुरुष मानतात तो कुर्ट लेविन असले काही सांगतच नव्हता. 1933 साली हिटलरची जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेला हा ज्यू मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात मांसाची टंचाई होती. गृहिणींनी हृदय, मूत्रपिंड असले नाक मुरडण्याजोगे भाग रांधावेत, अशी सरकारची इच्छा. लेविनने काही बायकांना उत्तम व्याख्यान ऐकविले. काहींना एकत्र बसवून आपसांत बोलू दिले, अडचणी मांडू दिल्या आणि शेवटी हात वर करून ठरवू दिले. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शेकडा 3 जणींनी तो पदार्थ केला. स्वतः ठरविलेल्यांपैकी शेकडा 32 जणींनी! जुनी घडी सैल करावी, बदल करावा, मग नवी घडी बसवावी, हे त्याचे सूत्र 1947 चे. शिष्यांनी सूत्र पाठ केले आणि बायकांची ती बैठक विसरली.

आणि अमेरिका तरी कशाला? तापीपलीकडे आमचे फैजपूर आहे. 1936 च्या जूनअखेर नेहरूंच्या समाजवादी भाषणांवर नाराज होऊन राजेंद्रप्रसाद, वल्लभभाई, राजगोपालाचारी, शंकरराव देव आदी सात जणांनी काँग्रेस कार्यकारिणीचे राजीनामे दिले. गांधीजी मध्ये पडले, राजीनामे मागे घेतले गेले. त्याच डिसेंबरात फैजपूरला, टिळकनगरात, काँग्रेस भरली. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. सजावट नंदलाल बोसांची, तीही बांबू आणि गावठी सामानाची. अध्यक्ष पुन्हा नेहरूच! त्यांनी समाजवाद सोडला नाही, वल्लभभाईंनी तो पत्करला नाही. पण शेतसारा, खंड आणि कर्ज यांनी पिचलेल्या शेतकऱ्यासाठी शेतीविषयक कार्यक्रम तेथे मंजूर झाला. कोणाला हाकलावे लागले नाही.

त्या मांडवात सगळे मावले नव्हते, हे आम्हांला ठाऊक आहे. मुस्लिम लीग बाहेर होती. आंबेडकरांनी त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. पुढे फाळणीही झाली. मांडव याहून मोठा हवा होता, असे कोणी म्हणाले तर आम्ही मान हलवू. पण म्हणून मांडवच नको, नुसता ध्वनिक्षेपक पुरे, हे कोठले तर्कशास्त्र?

आजही मांडव आहे. कायद्याने ग्रामसभा दिली आहे. सर्व पक्षांच्या मतदारांनी एका सतरंजीवर बसावे अशी सोय आहे. होते काय? सभा गणसंख्येअभावी तहकूब होते, तहकूब सभेला गणसंख्येची अट नाही, म्हणून चार टाळकी जमून ठराव पास करतात. ऐक्याचे डोस पाजणाऱ्या पुढाऱ्यांनी आपापली माणसे एकदा त्या सतरंजीवर आणून बसवावीत. नळाला पाणी किती दिवसांआड यावे, एवढाच विषय ठेवावा. भाषण नको. हात वर करून ठरू द्या; आणि मोजा, कोणत्या पक्षाचा हात कोणाच्या हाताबरोबर वर जातो ते.